एक चार्जर, दोन बॅटऱ्या

एका चार्जरच्या तारांना फाटे देऊन दोन बॅटऱ्या एकाच वेळी चार्ज करणारी केबल बाजारात ‘स्प्लिटर’ किंवा ‘वाय केबल’ या नावाने मिळते. तयार मिळाली नाही, तर वर्कशॉपमध्ये अडीच एमएमची वायर, चार लग आणि दोन क्लिपा घेऊन ती पंधरा मिनिटांत बनते. क्वचित चालणाऱ्या दोन गाड्यांचे घर, ट्रॅक्टर आणि जनरेटर असलेला शेतकरी, दुचाकींचे गॅरेज अशा ठिकाणी ती वापरात असते. कोकण किनाऱ्यावर तिची गरज पावसाळ्याच्या तोंडावर वाढते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी वर ओढून शाकारल्या जातात. इंजिन चालू करणारी एक बॅटरी आणि वायरलेस, जीपीएस, मासे शोधणारे यंत्र व दिवे यांच्यासाठी दुसरी, अशा दोन्ही बॅटऱ्या तेव्हा दोन महिने पडून राहतात. शिसे-आम्लाची बॅटरी पडून राहिली की आपोआप उतरते. तापमान दहा अंशांनी वाढले तर उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि बॅटरीची ताकद कायमची कमी होते. म्हणून बॅटऱ्या चार्जरवर ठेवणे योग्यच. त्या वाय केबलने ठेवाव्यात का, आणि कशा, हा प्रश्न वेगळा आहे.

स्प्लिटर म्हणजे वाटणारा. पण हे नाव फसवे आहे. चार्जरचा करंट दोन बॅटऱ्यांत समसमान वाटण्याची कोणतीही यंत्रणा या केबलमध्ये नसते. ती एका बॅटरीचा प्लस दुसरीच्या प्लसला आणि मायनस मायनसला जोडते. म्हणजे केबल लागल्या क्षणापासून दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडणीत येतात आणि विजेच्या दृष्टीने एकच मोठी बॅटरी होतात. चार्जर चालू असो वा बंद, ही जोडणी कायम राहते. वाय केबलचे बहुतेक अपघात ही एवढी गोष्ट विसरल्यामुळे होतात.

जुन्या बॅटरी दुकानांतली पद्धत याच्या उलट होती. तिथे आठ-दहा बॅटऱ्या एका ओळीत सिरीजने जोडून रेक्टिफायरवर लावत. सिरीजमध्ये सगळ्यांतून करंट सारखाच जातो. व्होल्टेज मात्र प्रत्येकीच्या अवस्थेप्रमाणे वेगळे असते. त्यामुळे लहान आणि मोठी बॅटरी एका ओळीत लावायची नाही, हा त्या दुकानांचा पहिला नियम असे. समांतर जोडणीत व्होल्टेज सारखे आणि करंट वेगवेगळा असतो. इथे आकारातला फरक तितका बाधत नाही. ४० आणि ८० अँपिअर-अवर क्षमतेच्या दोन निरोगी बॅटऱ्या आपापल्या गरजेप्रमाणे करंट ओढतात. बाधतो तो अवस्थेतला, जातीतला आणि प्रकृतीतला फरक.

प्रथम अवस्थेतला फरक. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. जवळजवळ रिकामी झालेली ११.८ च्या आसपास. या दोघी वाय केबलने जोडल्या की ०.९ व्होल्टचा फरक तारेवर पडतो. अडीच एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ७ मिलिओहम असतो. एक-एक मीटरचे दोन फाटे, जाणारी-येणारी तार धरून, २८ मिलिओहम देतात. त्यात बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध आणि सांधे मिळवून बेरीज ५० मिलिओहम धरली, तर पहिल्या क्षणी सुमारे १८ अँपिअर करंट एका बॅटरीतून दुसरीत धावतो. चार्जर दहा अँपिअरचा आहे म्हणून तारेतून दहा अँपिअरच जातील, हा हिशेब इथे चुकतो. हा करंट लवकर उतरतो, पण क्लिप लावताना ठिणगी पडायला पहिला क्षण पुरतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेट घेऊ शकतो. त्यामुळे फार उतरलेली बॅटरी आधी एकटी चार्ज करावी आणि दोघी जवळपास समान पातळीला आल्यावरच वाय केबल लावावी.

दुसरा फरक जातीतला. पाण्याच्या साध्या बॅटरीला चार्जिंगच्या शेवटी सुमारे १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात आणि नंतर सांभाळण्यासाठी १३.५ च्या आसपास. जेल बॅटरीला इतके वरचे व्होल्टेज सहन होत नाही. एजीएम बॅटरी साध्या बॅटरीच्या बरीच जवळ असली, तरी सल्फेट सोडवण्यासाठी काही चार्जर साडेपंधरा व्होल्टपर्यंत जातात, ते तिला घातक ठरते. समांतर जोडणीत दोघींना एकच व्होल्टेज मिळणार असल्याने एकीला योग्य ते दुसरीला अयोग्य ठरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तर शिशाच्या बॅटरीबरोबर वाय केबलवर कधीच लावू नये. ती भरल्यावर विश्रांतीतही १३.३ व्होल्टच्या आसपास राहते. शिशाच्या बॅटरीची पातळी तिच्या खाली असल्यामुळे लिथियम बॅटरी आपला साठा तिच्यात ओतत राहते. एक बॅटरी गरम इंजिनखोलीत आणि दुसरी केबिनमध्ये असेल, तरी हीच अडचण छोट्या प्रमाणात येते. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज हवे असते. दहा अंशांच्या फरकाला सुमारे पाव व्होल्ट.

तिसरा आणि सर्वांत महागात पडणारा फरक प्रकृतीतला. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की ती बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास बसते. अशी बॅटरी चांगल्या बॅटरीबरोबर जोडली, तर चार्जर १४.४ व्होल्ट देण्याचा प्रयत्न करतो आणि ते पाच सेलांवर पडतात. म्हणजे दर सेलला २.८८ व्होल्ट. पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, बॅटरी तापते. करंट खाली येत नाही, त्यामुळे चार्जिंग संपले असे चार्जरला वाटतच नाही आणि शेजारची निरोगी बॅटरीही वरच्या व्होल्टेजवर ताटकळत राहते. त्यातच वीज गेली, तर चार्जर थांबतो; पण जोडणी तशीच असते. मग चांगली बॅटरी रात्रभर खराब बॅटरीत रिकामी होते. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावांत ‘चार्जरवर ठेवूनही बॅटरी उतरली’ ही तक्रार आली, की कारीगराने आधी शेजारची बॅटरी तपासावी. पाण्याच्या बॅटरीत ही तपासणी हायड्रोमीटरने दोन मिनिटांत होते. पाच सेलांत गुरुत्व १.२५ च्या पुढे आणि एकात १.१५ च्या खाली असेल, तर ती बॅटरी वाय केबलवर जाऊ नये.

२४ व्होल्टच्या जोडणीत तर वाय केबल सरळ धोका आहे. ट्रक आणि मोठ्या इंजिनांच्या बोटींवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असतो. दोन्ही १२ व्होल्टच्या आहेत म्हणून १२ व्होल्टच्या चार्जरची वाय केबल त्यांना लावली, की केबलचा मायनसचा फाटा पहिली बॅटरी शॉर्ट करतो आणि प्लसचा फाटा दुसरी. दोन्ही बॅटऱ्यांचा पूर्ण जोर त्या बारीक तारांवर येतो. तिथे २४ व्होल्टचा चार्जर वापरावा, किंवा मधली जोडपट्टी आधी काढावी.

जोडणी कायम असते, याचा आणखी एक परिणाम स्टार्टर मारताना दिसतो. क्रँकिंगच्या वेळी इंजिनच्या बॅटरीचे व्होल्टेज दहापर्यंत खाली येते. दुसरी बॅटरी १२.६ वर असेल, तर २.६ व्होल्टच्या फरकामुळे वरच्याच हिशेबाने पन्नासहून अधिक अँपिअर वाय केबलमधून धावतात. अडीच एमएमची तार यासाठी नाही. स्टार्टर मारण्यापूर्वी केबल काढलीच पाहिजे.

फ्यूज कुठे बसवायचा, हे यावरूनच ठरते. चार्जर स्वतःचा करंट मर्यादित ठेवतो. खरा स्रोत बॅटरी आहे. म्हणून प्रत्येक फाट्याच्या प्लस तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ, स्वतंत्र फ्यूज हवा. चार्जरच्या बाजूला एकच फ्यूज लावून दोन्ही फाटे मोकळे सोडले, तर बॅटरी-बॅटरीमधल्या करंटवर काहीच पहारा राहत नाही. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात असे संरक्षण साधारणपणे स्रोतापासून सात इंचांच्या आत सांगितले आहे. आवरणात बंदिस्त तारेला लांबीची सवलत आहे. दहा अँपिअरच्या चार्जरला अडीच एमएमची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज ही जोडी चालते. जोडताक्षणी फ्यूज उडाला, तर मोठा फ्यूज घालू नये. दोन बॅटऱ्यांच्या पातळीत मोठा फरक आहे किंवा जोडणी चुकली आहे, एवढेच तो सांगत असतो.

तारेची जाडी आणि लांबी यांचा संबंध फक्त तापण्याशी नाही. चार्जर व्होल्टेज स्वतःच्या टोकाशी मोजतो, बॅटरीच्या टोकाशी नाही. तीन मीटर लांबीच्या अडीच एमएमच्या तारेत, जाणे-येणे धरून, दहा अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट गळतात. सहा एमएमची तार घेतली तर ०.१७. एक फाटा एक मीटरचा आणि दुसरा चार मीटरचा असेल, तर सुरुवातीला जवळची बॅटरी जास्त ओढते. शेवटी करंट एखाद्या अँपिअरवर आला की हा फरक जवळपास पुसला जातो, पण तेवढा वेळ मिळाला तर. वेळेवर बंद होणारे चार्जर लांबच्या बॅटरीला अर्धपोटी सोडतात. दोन्ही फाटे सारख्याच लांबीचे ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

वेळेचा हिशेबही ग्राहकाला आधीच सांगावा. १०० अँपिअर-अवरच्या दोन अर्ध्या उतरलेल्या बॅटऱ्यांत मिळून १०० अँपिअर-अवर भरायचे असतात. दहा अँपिअरच्या चार्जरला त्यासाठी कागदावर दहा तास लागतात; चार्जिंगमधली तूट आणि शेवटचा संथ टप्पा धरला तर चौदा-पंधरा तास. शिशाच्या बॅटरीला क्षमतेच्या साधारण दहावा भाग करंट मानवतो. वाय केबलवर तोच करंट दोघींत विभागला जात असल्याने चार्जर लहान पडतो, आणि चार्जर लहान म्हणजे मुक्काम लांब.

तयार केबलींवर बहुधा दोन पिनांचा चपटा कनेक्टर येतो. त्यातली एक पिन उघडी आणि एक झाकलेली असते. बॅटरीकडच्या तुकड्यात प्लस झाकलेला असतो, म्हणजे उघडी पिन बॉडीला लागली तरी काही होत नाही. वाय केबलच्या फाट्यांना मात्र चार्जरच्या बाजूची टोके असतात आणि तिथे प्लस उघडा राहतो. एकाच फाट्याला बॅटरी लावली आणि दुसरा फाटा तसाच लोंबकळत ठेवला, तर त्या उघड्या पिनेवर पहिल्या बॅटरीचा जिवंत प्लस असतो. रिकाम्या फाट्यावर रबरी टोपी हवीच.

बोटीवर याशिवाय मीठ आहे. साध्या तांब्याची तार खाऱ्या हवेत आतून हिरवी-काळी पडते आणि रोध वाढवते. तिथे कथिलाचा मुलामा असलेली तार, नीट दाबलेला लग आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरावी. नुसत्या डाखावर विसंबू नये. मगर-क्लिपा तात्पुरत्या कामाला ठीक आहेत. दोन महिन्यांच्या मुक्कामाला गोल लग बोल्टखाली कसलेला हवा. किनाऱ्यावरून एक्स्टेंशन ओढले असेल, तर त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि बॅटरीच्या खणाला हवा खेळती ठेवावी. जोडताना आधी बॅटरी, मग मेन; काढताना आधी मेन, मग बॅटरी.

पर्यायांची किंमत आता फार उरलेली नाही. स्वतंत्र आउटपुट असलेला दोन बँकांचा चार्जर प्रत्येक बॅटरी वेगळी ओळखतो. चालत्या इंजिनवर व्होल्टेज पाहून जोडणारा-तोडणारा रिले चालतो. तो साधारण १३.३ व्होल्टच्या वर दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. डायोड आयसोलेटर बॅटऱ्या वेगळ्या ठेवतो, पण साध्या डायोडवर ०.७ व्होल्टच्या जवळपास गळतात, आणि त्याची भरपाई नसेल तर बॅटऱ्या कधीच पूर्ण भरत नाहीत. सर्वांत सोपा पर्याय बहुतेक वेळा नजरेआड होतो: दहा अँपिअरच्या एका चार्जरऐवजी पाच-पाच अँपिअरचे दोन.

एकाच जातीच्या, जवळपास एकाच वयाच्या, दोन्ही निरोगी आणि समान पातळीच्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या असतील, तर प्रत्येक फाट्यात फ्यूज असलेली वाय केबल निर्धोक आणि उपयोगी आहे. यातली एकही अट मोडत असेल, तर ती वापरू नये. वर्कशॉपमध्ये बनवून दिलेल्या प्रत्येक केबलला एक पक्की चिठ्ठी बांधावी आणि तीवर चार ओळी लिहाव्यात: तारेची जाडी व फ्यूज, फक्त १२ व्होल्ट, एकाच जातीच्या बॅटऱ्या, स्टार्टरपूर्वी काढा. केबल बनवणारा कारीगर बंदी संपण्याच्या दिवशी बोटीवर नसतो, चिठ्ठी असते.