बॅटरी बदलण्याआधी पट्टा पाहा

मृगाचा पाऊस पडला की वऱ्हाडात एकेक दिवस मोलाचा. वाफसा चार दिवस टिकतो, तेवढ्यात पेरणी उरकली तर साधली. नेमका अशाच वेळी ट्रॅक्टर किल्ली फिरवल्यावर नुसता कुरकुरतो आणि गप्प बसतो. ‘बॅटरी बसली, राजेहो!’ असा निकाल लागतो आणि बियाण्याच्या पैशातून नवी बॅटरी येते. पंधरा दिवसांत तीही बसते. मग बोल दुकानदाराला! शेतकरी बंधूंनो, यात बॅटरीचा दोष किती आणि तिला चार्ज करणाऱ्या डायनामोचा, पट्ट्याचा, वायरीचा किती, हे तपासण्याची सवय आपण लावून घेतली नाही. त्याचा भुर्दंड मात्र हंगामाला पडतो.

अमरावती-अकोल्यात जुने ट्रॅक्टर आजही वावरात राबत आहेत. एचएमटीचे ट्रॅक्टर उत्पादन २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या निर्णयाने बंद झाले, पण त्यांचे ट्रॅक्टर बंद पडलेले नाहीत. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजारकडे संत्र्याच्या ओळींतून मिनी ट्रॅक्टर फिरतात. बागेतल्या ट्रॅक्टरचे दुखणे वेगळे. दिवसातून चार वेळा स्टार्ट, दहा मिनिटे काम आणि पुन्हा बंद; मधेच पंधरा दिवस शेडमध्ये उभा. स्टार्टर जेवढा करंट खातो तेवढा परत भरायला वेळच मिळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की चालत राहायला त्याला बॅटरी लागत नाही. म्हणून चार्जिंग बंद पडले तरी नांगरणी-वखरणी बिनबोभाट चालू राहते. बॅटरी आतून रिती होते आणि ते कळते एखाद्या सकाळी, ट्रॅक्टर स्टार्ट होत नाही तेव्हा. पहिला इशारा मीटरवरचा लाल दिवा देतो. किल्ली दिल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर चार्जिंग होत नाही. मुळात लागतच नसेल तर बल्ब उडाला असेल, आणि काही अल्टरनेटर त्या बल्बच्या करंटवरच जागे होतात. बल्ब किरकोळ, पण त्याच्यापायी बॅटरी जाते.

आता तपासणी. आधी बॅटरीचे खांब पाहा. पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावे, ब्रशने घासावे, पेच आवळून वरून व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. अर्थची वायर चेसिसला जिथे बसते तिथला गंज व रंग खरवडावा. मग पट्टा. इंजिन बंद असताना दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर तो जेमतेम अर्धा इंच दबावा. ढिला पट्टा घसरतो, आणि घसरणारा पट्टा डायनामो पुरा फिरवत नाही.

पुढचे काम साध्या मल्टिमीटरचे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिती. इंजिन सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर मध्यम ठेवा. आता १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा हललाच नाही तर दोष बॅटरीच्या बाहेर आहे. मीटर अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या खांबावर लावा. तिथे १४ आणि बॅटरीवर १२.५ असेल तर मधली वायर खराब. तिथेही नसेल तर कार्बन झिजले, रेग्युलेटर गेला किंवा डायोड जळला. ते काम मिस्त्रीचे. आकडा १५ च्या वर गेला तर उलटे दुखणे: रेग्युलेटर आवरत नाही आणि बॅटरीचे पाणी उकळून जाते. चार्जिंग चांगले असून रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर अर्थची वायर काढून वायर व खांब यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब धरा. सर्व बंद असताना तो पेटला म्हणजे करंट कुठेतरी गळतो. बहुतेकदा मागून जोडलेला टेप किंवा जादा दिवा निघतो.

‘चार्जिंग होते का पाहू’ म्हणून चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची खोड काही जणांना असते. अल्टरनेटर असेल तर त्या एका झटक्यात डायोड व रेग्युलेटर जळतात. हे कदापि करू नये. बॅटरीजवळ बिडी-काडीही नको. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोट-तेल्हाराकडे, बोअरचे पाणी पिकाला सोसत नाही, ते बॅटरीला कसे सोसेल? त्या क्षारांनी आतल्या प्लेटा खराब होतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पाणी झपाट्याने उडते. भर घालावी ती डिस्टिल्ड वॉटरचीच. वरून अ‍ॅसिड ओतू नये.

हा प्रश्न पैशापुरता नाही. बॅटरी बसली की आपण ट्रॅक्टर उतारावर लावतो, किंवा खाली उभे राहून पेचकसाने स्टार्टरला ठिणगी देतो. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन पकडताच मोठे चाक माणसाच्या अंगावर येते. बॅटरीचे पैसे कर्ज काढून भरता येतील, गेलेला माणूस येत नाही.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे व आयटीआय आहेत. बियाणे-खतांचे मेळावे होतात, तसा दर मे महिन्यात गावोगावी एक दिवस ट्रॅक्टर तपासणीचाही व्हावा. आयटीआयच्या पोरांना हात बसेल, शेतकऱ्याला निदान कळेल. ग्रामपंचायतीने एक मल्टिमीटर घेऊन ठेवला तर साऱ्या गावाचे काम भागते. दुकानदारांनीही चार्जिंग तपासल्याशिवाय नवी बॅटरी बसवू नये. गिऱ्हाईक टिकते ते अशानेच.

तोवर, बाप्पा, एवढे तरी करा. पेरणीच्या आठ दिवस आधी पट्टा दाबून पाहा, खांब धुवा आणि मीटर लावा. अर्ध्या तासाचे हे काम मृगाच्या आत उरकले तर वाफशाचा दिवस दुकानाच्या पायरीवर जाणार नाही.