वास्तूंचा मेळ आणि माणसांची घरे

नव्या इमारतीचा आराखडा भोवतालच्या वास्तूंशी मेळ खातो की नाही, हे ठरविण्यासाठी समित्या नेमण्याची प्रथा आपल्या देशात आता जुनी झाली आहे. १९७३ च्या कायद्याने दिल्लीत नागरी कला आयोग स्थापन झाला. १९९५ च्या नियमावलीने मुंबईत वारसा जतन समिती आली. शहर विद्रूप होऊ नये ही इच्छा कामगारवर्गाचीही आहे. किंबहुना बकालपणाचा पहिला बळी तोच असतो. परंतु हा मेळ कशाशी घालावयाचा आणि तो ठरविणार कोण, हे विचारल्यावाचून अशा समित्यांचे खरे मूल्यमापन होऊ शकत नाही.

या प्रश्नाची कसोटी भिलाईत लागते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलाद कारखान्याबरोबर नगरही उभे राहिले: सेक्टरांची वसाहत, शाळा, बाजार, मैदाने, रुंद रस्ते आणि झाडी. तेथील घरांचा एकसारखेपणा कोणा समितीच्या शेऱ्यामुळे आलेला नाही. जमीन सार्वजनिक मालकीची होती, नियोजन एकत्रित होते आणि घर ही नफ्यासाठी विकावयाची वस्तू नव्हती, यांतून तो आला.

अर्थात हा मेळ वर्गभेदाच्या पलीकडचा नव्हता. साहेबांचे ३२ बंगले वेगळे आणि कामगारांची क्वार्टर्स वेगळी. ज्यांनी पाया खणला, त्या बांधकाम मजुरांच्या तळांची आठवण तर कॅम्प-१ आणि कॅम्प-२ ही वस्त्यांची नावेच आजवर देत आहेत. नगराच्या नकाशात मजुराला जागा नव्हती. म्हणून त्याची वस्ती ‘बेमेळ’ ठरली.

उदारीकरणाच्या धोरणानंतर हा पेच अधिक तीव्र झाला. कायम कामगारांची संख्या घटत गेली, कंत्राटी कामगारांची वाढली. चालू शतकाच्या आरंभी ‘सेल’ने आपल्या कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना क्वार्टर्स दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. बापाला कायम नोकरी आणि क्वार्टर मिळाले. मुलाच्या वाट्याला कंत्राटदाराची हजेरी आली. मुलगा संसार थाटणार कोठे? अंगणात किंवा गच्चीवर एक खोली चढते, आणि तिच्यामागून अनधिकृत बांधकामाचा ठपका येतो.

शेजाऱ्याचा उजेड-वारा अडवणारी, रुग्णवाहिकेची वा अग्निशामक बंबाची वाट बुजवणारी बांधकामे समर्थनीय नाहीत. त्यांचा त्रास कामगारालाच होतो. कारखान्याच्या नगरसेवा विभागाला आणि १९९८ पासून असलेल्या महानगरपालिकेला नियम लावावेच लागतील. मात्र ज्या गरजेपोटी खोली चढते ती गरज कोणी निर्माण केली, हे न पाहता केवळ नोटिसा बजावणे म्हणजे रोग सोडून रोग्यालाच शिक्षा देणे होय. छत्तीसगडचा २००२ चा नियमितीकरण कायदाही मुख्यतः शास्ती भरून घेऊन बांधकाम नियमित करण्याचा मार्ग दाखवतो. ज्याच्यापाशी पैसा, त्याचा मेळ लवकर बसतो!

सत्ता आणि भांडवल यांच्यापुढे हीच कसोटी किती मऊ होते, हे देशाने पाहिले आहे. नव्या संसद भवनाच्या आराखड्याला दिल्लीच्या नागरी कला आयोगाने २०२० मध्ये संमती दिली. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सेंट्रल व्हिस्टा प्रकल्प उचलून धरला, तरी वारसा समितीची परवानगी घेण्यास सांगावे लागले. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी लोकसहभागाच्या प्रश्नावर भिन्न मत नोंदविले. मुंबईच्या गिरणगावात १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि सार्वजनिक घरबांधणीला जावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता आकसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. फिनिक्स मिलची चिमणी शोभेसाठी जपली गेली. तिच्या सावलीत राबणारा गिरणी कामगार मात्र उपनगरांपलीकडे फेकला गेला. विटांचा मेळ साधला, माणसांचा तुटला.

भिलाईपासून फार दूर नसलेल्या दल्ली राजहरा येथे लोहखाणीच्या कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. १९८३ मध्ये ते सुरू झाले. परिसराशी सुसंगत वास्तू कोणती, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

म्हणून भिलाईसारख्या नगरांत कामगार संघटनांनी ठोस मागण्या घेऊन पुढे आले पाहिजे. आराखडे तपासणाऱ्या यंत्रणेत रहिवासी, निवृत्त आणि कंत्राटी कामगार यांचे निवडलेले प्रतिनिधी हवेत. तपासणीचे निकष लिखित, हिंदीत आणि सर्वांना खुले हवेत. उजेड, पाणी, निचरा, रस्ता आणि मैदान यांना भिंतीच्या रंगापेक्षा अग्रक्रम हवा. वाढत्या कुटुंबासाठी जादा खोलीचे नमुना-आराखडे कारखान्यानेच तयार करून द्यावेत, आणि रिकाम्या पडलेल्या क्वार्टर्सवर कंत्राटी कामगाराचा हक्क मान्य करावा.

पोलाद ज्यांनी ओतले, त्यांच्याशी जे नगर मेळ खात नाही, त्याच्या दर्शनी भिंती कितीही एकसारख्या असोत, ते सुसंगत नव्हे. हा मेळ घडवून आणण्याचे काम संघटित कामगारवर्गालाच हाती घ्यावे लागेल.