मोबाईलची गर्दी आणि आपली ग्रामसभा

साथींनो, साक्री तालुक्यातलं राईनपाडा विसरू नका. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्या संशयावरून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. जिथे बसून गावाने विचार करायचा, तीच जागा! गरिबाच्या हातून गरीब मेला.

वनदाव्याचंही बघा. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना हटवा म्हटलं, 28 ला त्यालाच स्थगिती दिली. पहिलीच बातमी मोबाईलवर आली, दुसरी आलीच नाही, तर घाबरलेला माणूस दलालाच्या दारात जाणार.

ग्रामसभेत बोलणारा समोर असतो. त्याला विचारता येतं, तुला कोणी सांगितलं? कागद दाखव. वनहक्काच्या नियमाने निम्मे सभासद हजर लागतात, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. ठरावावर सह्या-अंगठे होतात. मोबाईलवरही अंगठाच चालतो, पण त्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

म्हणून पाड्यापाड्यात ठरवा. जमिनीचा किंवा कोणाच्या जिवाचा मेसेज आला तर पुढे ढकलू नका, आधी वनहक्क समितीला दाखवा. अनोळखी माणसाचा संशय आला तर पोलीस पाटलाला बोलवा, हात उचलू नका. आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणायचं, तर खरंखोटं तपासायचं कामही आमचंच.