शहराचे बालपण जुन्या संगणकात

विशेष प्रतिनिधी, भाईंदर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येणाऱ्या पितळी भांड्यांत आणि मोडक्या पंख्यांत अलीकडे आणखी एका वस्तूची भर पडली आहे. पिवळट पडलेला, पुढच्या बाजूस फ्लॉपीची फट असलेला संगणकाचा डबा. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक परिसरात असा डबा निघाला की त्याचे पुढे काय होणार, हे ठरलेले असते. भंगारवाला येतो, वजन करतो आणि घेऊन जातो. त्याच्या पोटात काय साठवलेले आहे, हे विचारण्याची पद्धत नाही.

ती पद्धत नसणे या शहराला इतरांपेक्षा अधिक महाग पडू शकते. १९९१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१मध्ये ती पाच लाखांवर गेली आणि २०११मध्ये आठ लाखांवर. नगरपालिका १९८५ची, महापालिका २८ फेब्रुवारी २००२ची. मिठागरांच्या काठाचे गाव महानगराचा भाग झाले, तो काळ आणि घरोघरी, दुकानोदुकानी संगणक शिरला तो काळ एकच आहे. पुण्याची किंवा गिरगावची जुनी कागदपत्रे वहीत सापडतात. या शहराच्या घडणीचा बराचसा हिशेब मात्र ज्या यंत्रांवर लिहिला गेला, ती यंत्रे आता कोणी चालू करीत नाही. सोसायट्यांचे देखभाल शुल्काचे तक्ते, सभांची इतिवृत्ते, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, डीटीपीच्या दुकानांत जुळवलेल्या लग्नपत्रिका आणि हौशी कवींचे संग्रह या यादीत येतात. यातील काही कागदावर उतरले. जे उतरले आणि खोलीत साठवले, त्यातील किती २६ जुलै २००५च्या पुरातून वाचले, हा वेगळा प्रश्न.

बॅटरीची गळती

जुना संगणक मिळाला की प्लग लावून बटण दाबण्याचा मोह होतो. तोच बहुधा शेवटचा ठरतो. वीजपुरवठा करणाऱ्या पेटीतील कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून सुकलेले असतात. म्हणून जाणकार कारागीर प्रथम ती पेटी वेगळी काढून, मीटर लावून ५ आणि १२ व्होल्टचा पुरवठा नीट मिळतो की नाही, हे तपासतो. नंतर झाकण उघडून तो मदरबोर्डवरील बॅटरी शोधतो. ३८६ आणि ४८६ पिढीतील अनेक बोर्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी नळकांडी बॅटरी डाग देऊन बसवलेली असे. ती कालांतराने गळते आणि तिच्यातील अल्कधर्मी द्रव तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. उपाय घरगुती आहे. बॅटरी काढावी, व्हिनेगरने गळती निष्प्रभ करावी, मग स्पिरिटने धुवावे आणि तुटलेल्या रेषांवर तारेचे टाके घालावेत. स्वयंपाकघरातील व्हिनेगरची बाटली या कारागिरीत सोल्डरिंग गनच्या बरोबरीने मानाची आहे. वसईच्या खाडीवरून येणारी खारी, दमट हवा लक्षात घेता भाईंदरच्या माळ्यावरील यंत्राला हे सारे जरा जास्तच लागते.

बॅटरी गेली की यंत्राची स्मृतीही जाते. आपल्याला कोणती हार्ड डिस्क जोडलेली आहे, हेच ते विसरते. डिस्कवरील चिठ्ठी वाचून सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे हाताने भरावे लागतात. चिठ्ठी फाटली असेल तर पुढचा सारा मामला अंदाजाचा.

नव्याशी जुन्याचे बोलणे

यंत्र चालू झाले तरी काम अर्धेच झालेले असते. त्यातील मजकूर आजच्या संगणकावर आणायचा कसा? साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबीला जोडता येणाऱ्या ड्राइव्हवर वाचता येते. सव्वापाच इंची फ्लॉपीला ती सोय नाही. तिच्यासाठी जुना ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखे छोटे सर्किट लागते. हे सर्किट फायली वाचण्याच्या भानगडीत पडत नाही. चकतीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेते आणि उलगडण्याचे काम नव्या संगणकावर सोडते. बुरशी धरलेल्या फ्लॉपीला एकच संधी मिळते, म्हणून ही पद्धत मोलाची. हार्ड डिस्कच्या बाबतीतही नियम तोच आहे. चाळीस पिनांची डिस्क काढून यूएसबी जोडणीवर लावावी, आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी आणि पुढची सारी खटपट त्या प्रतिमेवर करावी.

दोन्ही संगणक नेटवर्कने जोडले की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण विंडोज ९८ ज्या जुन्या भाषेत फायली देते-घेते, तिच्याच एका दोषाचा फायदा घेऊन मे २०१७मध्ये वॉनाक्राय या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ती भाषा मुळात बंदच असते. ती पुन्हा चालू करणे म्हणजे घराचे दार उघडे टाकण्यासारखे. त्यापेक्षा सीरियल पोर्टची साधी केबल बरी. ती मंद आहे, पण मजकुराच्या फायलींना वेग लागतोच किती?

मराठीचे कुलूप

इथवर जगातील कोणत्याही शहराची कहाणी सारखीच. मराठी फाइल उघडली की वेगळेपण सुरू होते. पडद्यावर दिसते ते रोमन अक्षरांचे आणि विचित्र चिन्हांचे कडबोळे.

याचे कारण तंत्राचे नसून इतिहासाचे आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण होते, १९९१मध्ये भारतीय मानक संस्थेने ते स्वीकारलेही होते. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने त्याच सुमारास बाजारात रुजवले होते. पण छपाईच्या धंद्याला हवी होती देखणी अक्षरे. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून आपापला फॉन्ट काढला आणि प्रत्येकाची मांडणी निराळी ठेवली. मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या संकेतस्थळांसाठीही वाचकाला स्वतंत्र फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. युनिकोडने ही भांडणे मिटवली, पण विंडोजमध्ये देवनागरीला युनिकोडचा आधार मिळायला विंडोज २००० उजाडावे लागले. दरम्यानच्या दहा-पंधरा वर्षांचे मराठी लेखन त्या फुटकळ मांडण्यांत राहिले.

रूपांतर करता येते, पण ते सरळ नसते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असे. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. त्यामुळे ‘कार्तिक’ हा साधा शब्दही दोन ठिकाणी फिरवून घ्यावा लागतो, आणि जोडाक्षरांच्या तुकड्यांत घोटाळा झाला तर माणसाचे आडनाव बदलते. सभासद नोंदवहीत आडनाव बदलणे ही विनोदाची बाब नव्हे.

त्याहून अवघड आहे ते खरेखुरे कुलूप. नक्कल टाळण्यासाठी त्या काळातील बरीच प्रकाशन-सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टवर बसणाऱ्या डोंगलशिवाय सुरूच होत नसत. आजच्या लॅपटॉपला ते पोर्ट नाही. बाजारात मिळणारी यूएसबीची केबल प्रिंटरपुरतीच काम करते, डोंगलला ती ओळखत नाही. म्हणजे फाइल हाती आहे, सॉफ्टवेअरही आहे, पण मूळ यंत्र भंगारात गेले की किल्ली लावायला भोकच उरत नाही. जुना संगणक दुरुस्त करणे हा केवळ हौशी लोकांचा छंद नाही, असे म्हणण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

देखभालीचे सरकारी दिवस

दुरुस्तीला एके काळी या देशात वेगळी प्रतिष्ठा होती. आयबीएम आपली वापरलेली १४०१ यंत्रे मुंबईतील कारखान्यात नीटनेटकी करून भारतीय ग्राहकांना भाड्याने देत असे. ‘जुना माल’ म्हणून त्यावर टीकाही झाली. परकीय भागभांडवलाच्या वादातून १९७८मध्ये कंपनी निघून गेली, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’कडे आली. नावातच देखभाल असलेली ही संस्था १९७५मध्ये स्थापन झाली होती आणि २०१५मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. त्याच १४०१ मालिकेची दोन यंत्रे कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात स्वयंसेवकांनी पुन्हा चालती केली आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९६०मध्ये कार्यान्वित झालेला, पंडित नेहरूंनी १९६२मध्ये नाव दिलेला ‘टिफ्रॅक’ मात्र चालू स्थितीत पाहण्याचे भाग्य आजच्या मुंबईकराला नाही. सुमारे २७०० निर्वात नलिकांचे ते यंत्र १९६४मध्ये परदेशी सीडीसी ३६०० आल्यानंतर मागे पडले.

जुनी यंत्रे वापरात असणे म्हणजे मागासलेपण, हाही समजच. जपान सरकारने आपल्या हजाराहून अधिक नियमांतील फ्लॉपीची सक्ती काढून टाकली ती २०२४मध्ये.

वजनात मोजलेला कचरा

आपल्याकडील २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे आणि दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची नोंदणी मागणारे हे नियम पर्यावरणाच्या दृष्टीने आवश्यकच आहेत. परंतु त्यांचे माप वजनाचे आहे. डिस्कमध्ये काय आहे, यासाठी त्यांत रकाना नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये सुरू केलेल्या ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळाचा भरही ग्राहकाच्या चालू वस्तूंवर आहे. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकनिर्मित साहित्याला अभिलेख मानले खरे, पण तो केंद्राच्या कार्यालयांचा कायदा. सोसायटी, छापखाना, मंडळ यांच्याकडे कोणाचेच लक्ष नाही.

हे लक्ष आता हवे, याला तातडीचे कारण आहे. नव्वदच्या दशकातील इमारती तिशी ओलांडत आहेत. उपविधींनुसार त्यांना दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी लागते आणि पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की जुने हिशेब, जुने ठराव, जुने नकाशे शोधण्याची धावपळ उडते. कायद्यापुढे सही-शिक्क्याचा कागदच चालतो, हे खरे. पण कागद कोणत्या वर्षीचा, कोणत्या सभेचा शोधायचा, याचा माग डिस्कवरच्या मसुद्यातून लागू शकतो.

त्यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही. महापालिकेच्या एखाद्या वाचनालयात एक टेबल, दोन्ही आकारांचे फ्लॉपी ड्राइव्ह असलेला एक चालू संगणक, डोंगल बसेल असे एक पोर्ट आणि फॉन्ट ओळखणारा एक माणूस. कठीण आहे ते शेवटचेच. आज लॅमिंग्टन रोडला जाऊन ग्रीसवीझलचे सुटे भाग जमवता येतील, पण १९९५ सालचा फॉन्ट नजरेने ओळखणारे डीटीपी चालक निवृत्तीच्या वयात आहेत.

दरम्यान १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित सुरक्षा सेवा थांबवली. विंडोज ११ ज्यांच्यावर बसत नाही, असे संगणक एकेक करून कार्यालयांबाहेर पडत आहेत. इंद्रलोकच्या माळ्यांवर त्यांचीही रांग लागेल, आणि त्यांच्यातील डिस्कचा प्रश्न तेव्हा पुन्हा भंगारवाल्याच्या तराजूपाशीच येऊन थांबेल.