पार्टिशन हरवते म्हणजे काय?

संगणकावर लेख लिहावा, आणि तोही कलाशाखेच्या द्वितीय वर्षातील मुलीने, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. वाटो बापडे! परंतु ‘फॉरमॅट मारा’ हा जो सल्ला हल्ली पानाला चुना लावावा इतक्या सहजतेने दिला जातो, त्याविरुद्ध कोणीतरी बोलणे आवश्यक झाले आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. साहजिकच दहिसरच्या आमच्या वस्तीतील अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रे हे सारे खाते माझ्याकडे चालून आले. २६ जुलै २००५ च्या पुरात दहिसर नदी घराघरांत शिरली आणि पत्र्याच्या पेट्यांतील कागदांचा लगदा झाला, ही कथा मी कळू लागल्यापासून ऐकत आले आहे. आणि झोपडपट्टी पुनर्वसनात विनामूल्य घर हवे, तर १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणून २३ कुटुंबांच्या शिधापत्रिका, वीजबिले, मतदारयादीचे उतारे स्कॅन करून मी आमच्या जुन्या संगणकाच्या दुसऱ्या डिस्कवर ठेवले आहेत. संगणक इतका जुना की नवे विंडोज त्याला पेलवत नाही. त्यावर लिनक्स आहे.

गेल्या पावसाळ्यात जागा वाढावी म्हणून त्यात आणखी एक कोरी डिस्क बसवली. पुढच्या खेपेस यंत्र दीड मिनिट ताटकळले आणि काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ अशी अक्षरे उमटली. कागदपत्रांचे पार्टिशन गायब! दुरुस्तीच्या एका दुकानात निदान झाले ते दोन वाक्यांत : “डिस्क गेली. फॉरमॅट मारून देतो.” पडदा मात्र डिस्क गेली असे कुठेच म्हणत नव्हता. मी संगणक उचलला आणि घरी परत आणला.

दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांना पार्टिशन म्हणजे काय हे सांगायला नको. मध्ये प्लायवूड उभे केले की एकीकडे स्वयंपाक, दुसरीकडे अभ्यास. डिस्कचेही तसेच. कुठला विभाग कुठून कुठवर, याचा एक तक्ता डिस्कच्या आरंभी असतो. शिवाय लिनक्स सुरू होताना ‘एफएसटॅब’ नावाची एक साधी यादी वाचते. कोणता विभाग कुठे जोडायचा ते तीत लिहिलेले असते. आमच्या यादीत लिहिले होते ‘एसडीबी१’, म्हणजे दुसऱ्या डिस्कचा पहिला विभाग. पण ही नावे डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने पडतात. कोरी डिस्क ‘बी’ झाली, कागदपत्रांची ‘सी’ झाली, आणि ‘बी’वर विभागच नसल्यामुळे यंत्र ९० सेकंद वाट पाहून थांबले. ‘वाण्यापासून दुसरी खोली’ असा पत्ता असावा आणि मध्येच कोणी नवी खोली बांधावी, तर पोस्टमनने काय करावे? माणूस मेला असे तर तो सांगणार नाही ना?

‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली, की यंत्राला दिसणाऱ्या डिस्क व विभागांची वंशावळ समोर येते. आमचा विभाग तिथे सुखरूप होता. प्रत्येक विभागाला ‘यूयूआयडी’ नावाचा लांबलचक क्रमांक असतो, आणि डिस्क कुठेही जोडा, तो तोच राहतो. ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने तो कळतो. यादीत नावाऐवजी हा क्रमांक लिहिला, पुढे ‘नोफेल’ हा शब्द जोडला, म्हणजे एखादी डिस्क गैरहजर असली तरी संगणक अडून बसत नाही. आमचे काम एवढ्यावर भागले, खर्च शून्य. दुकानाचा उपाय केला असता तर कागद गेलेच असते, आणि यादीतला चुकीचा पत्ता मात्र होता तसाच राहिला असता!

प्रत्येक वेळी इतके सोपे नसते, हे मान्य. डिस्कच दिसत नसेल तर प्रथम केबल पाहावी, मग बायोसची सेटिंग. डिस्क दिसते पण विभाग नाहीत, तर तक्ता बिघडला असे समजावे. जुन्या पद्धतीत हा तक्ता अवघा ६४ बाइटचा, चार नोंदींचा. नव्या जीपीटी पद्धतीत त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. तीही गेली, तर ‘टेस्टडिस्क’ नावाचा मोफत प्रोग्राम डिस्क चाळून विभागांच्या सीमा शोधतो. मात्र त्याआधी संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. आतून टकटक आवाज येत असेल तर वीज बंद करून जाणकाराकडे जावे. तिथे आपली हुशारी नको.

असो. दुकानदाराला तरी किती दोष द्यावा? पडद्यावर इंग्रजीत दहा ओळी येतात आणि मराठी माध्यमातून आलेले आपण त्या वाचण्याआधीच हात जोडतो. साहित्याच्या तासाला एकेका ओळीचे आपण चार अर्थ काढतो; या ओळींना तर एकच अर्थ असतो. पवईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही उपलब्ध केले आहेत, आणि तेही विनामूल्य. आपल्या संगणक-कक्षात आठवड्यातून एक तास हे धडे लावावेत आणि एखादा मोडीत निघालेला संगणक आम्हाला उघडून पाहायला द्यावा, अशी प्राचार्यांना व प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे. स्क्रूड्रायव्हर मी घरून आणीन.