भुलभुलैयाची वाट : हात, खूण आणि अंक

नगर जिल्ह्यातील कुटुंबे वेरूळला जातात तेव्हा 30 ते 34 क्रमांकांच्या जैन लेण्यांचे दर्शन झाल्यावर परतीच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला सहसा चुकवीत नाहीत. या किल्ल्याशी नगरचे नाते जुने आहे. 1499 मध्ये अहमद निजामशहाने तो घेतला आणि 1633 मध्ये मोगलांच्या हाती पडेपर्यंत त्याचे नाव निजामशाहीशी जोडलेले राहिले. मुलांच्या स्मरणात मात्र इतिहास राहत नाही. राहते ती ‘अंधारी’. खडकात कोरलेला तो वळणावळणाचा काळोखा मार्ग, त्यातील असमान पायऱ्या आणि ‘येथे चुकलेला शत्रू थेट खंदकात पडे’ हे वाटाड्यांचे ठरलेले वाक्य!

अशा ठिकाणी माणसाला प्रथम सुचतो तो हाताचा उपाय. उजवा हात भिंतीवर टेकवावा आणि तो न उचलता चालत राहावे. रविवारच्या पुरवणीतील ‘उंदराला घराची वाट दाखवा’ हे कोडेही पुष्कळ मुले याच रीतीने सोडवितात. ही रीत अडाणी नव्हे. भुलभुलैयाच्या सर्व भिंती बाहेरच्या कुंपणाशी सलग जोडलेल्या असतील, तर ती भिंत म्हणजे गुंडाळून ठेवलेला एक लांब दोरच होय. दोराला धरून चालणारा माणूस कितीही वळणे घेतली तरी केव्हातरी बाहेर पडणारच. परंतु मधल्या भिंती बाहेरच्या कुंपणापासून सुट्या असतील आणि गाठावयाचे ठिकाण त्यांच्या आत असेल, तर हात भिंतीला धरून चालणारा फिरून प्रवेशद्वाराशीच येतो. शिवाय हात फक्त भिंतीची साथ देतो. भिंत कोठे नेते याची हमी देत नाही. वाटाड्यांचे म्हणणे खरे मानले, तर अंधारीत ती खंदकाकडेही नेऊ शकते.

दुसरी रीत खुणेची. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने 1882 च्या आपल्या ग्रंथात ती ट्रेमो नावाच्या अभियंत्याच्या नावाने दिली आहे. प्रत्येक वाटेत शिरताना तोंडाशी एक खूण करावी, बाहेर पडताना दुसऱ्या तोंडाशीही करावी. नव्या चौकात आल्यावर खूण नसलेली कोणतीही वाट घ्यावी. नव्या वाटेने चालता चालता जुन्याच चौकात येऊन पोहोचल्यास किंवा वाट बंद निघाल्यास आल्या पावली परतावे. मागे आल्यावर खूण नसलेली वाट उरली असेल तर ती, नसेल तर एकच खूण असलेली वाट धरावी. दोन खुणांच्या वाटेला पुन्हा पाऊल लावू नये. असे केल्यास कोणतीही वाट दोनपेक्षा अधिक वेळा चालावी लागत नाही, आणि मार्ग नसेलच तर माणूस निदान निघाला तेथे सुखरूप परततो. अभिमन्यूला व्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे नव्हते. त्याचा व्यूह युद्धाचा होता, कोड्याचा नव्हे, तरी उणीव हीच.

पेढीवरच्या जुन्या दिवाणजींना ही रीत समजावून सांगण्याची गरज पडली नसती. तेरीज जुळत नसेल तेव्हा ते रोजकीर्द आणि खतावणी समोर ठेवून तपासलेल्या प्रत्येक रकमेपुढे टिंब देत. त्या टिंबाचा अर्थ ‘येथे चूक नाही, पुन्हा येणे नको’ एवढाच असे. बंद गल्लीतून परतणे हे वाया गेलेले श्रम नसून केलेली नोंद आहे, हे त्यांना ठाऊक होते. कोड्यात चुकताच रबराने सगळी रेघ पुसणाऱ्या मुलाला मात्र ते कोणी सांगत नाही, आणि मूल त्याच गल्लीत दुसऱ्यांदा शिरते.

संगणकाची रीत याहून वेगळी. तो एका वाटेने चालत नाही. पाणी जसे सर्व बाजूंनी पसरते तसा पसरतो. एडवर्ड मूर या अमेरिकन संशोधकाचा भुलभुलैयातील सर्वांत जवळच्या वाटेवरचा निबंध 1959 मध्ये प्रसिद्ध झाला, रीत हीच. ती घरी चौकटींच्या कागदावर करून पाहता येते. मुक्कामाच्या चौकटीत 0 लिहावा. मध्ये भिंत नसलेल्या शेजारच्या चौकटींत 1, त्यांच्या कोऱ्या शेजाऱ्यांत 2, असे लिहीत जावे. आरंभाच्या चौकटीत 23 हा अंक आला, तर सर्वांत जवळची वाट 23 पावलांची. मग 22, 21, 20 असे उतरत जावे. वाट आपोआप उलगडते. येथे चातुर्य कोठेही नाही, आहे तो केवळ चिकाटीचा हिशेब. मुलांना संगणकवर्गाला घालणाऱ्या पालकांनी फी भरण्यापूर्वी हा एक कागद त्यांच्याकडून भरवून घ्यावा. पुढे जे शिकविले जाईल त्याचा गाभा हाती येईल.

हात आणि हिशेब यांचा सामना प्रत्यक्षातही झाला आहे. 1979 मध्ये न्यूयॉर्कला स्वयंचलित ‘उंदरां’ची स्पर्धा झाली. विचार करणाऱ्या यंत्रांना मागे टाकून सर्वांत वेगाने बाहेर पडला तो भिंतीला धरून धावणारा उंदीर. आयोजकांच्या हेतूवरच पाणी पडले! पुढे मुक्काम कडेला न ठेवता मध्यभागी ठेवला गेला आणि भिंत धरणाऱ्यांचा निभाव लागेना. आज 16 गुणिले 16, म्हणजे 256 चौकटींच्या मैदानात पुष्कळसे उंदीर अंकांचीच रीत वापरतात. आरंभी भिंती नाहीतच असे धरून अंक मांडावयाचे, आणि भिंत आडवी आली की तेवढा हिशेब फिरवावयाचा.

खऱ्या रस्त्यांवर सर्व पावले सारखी नसतात. नगरहून शिर्डीला जाणारी एक वाट लांब असेल, दुसरी खड्ड्यांची. तेथे प्रत्येक टप्प्याला त्याचे मोल द्यावे लागते. ही सुधारणा एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाने 1956 मध्ये योजली आणि 1959 मध्ये प्रसिद्ध केली. फोनमधील नकाशे ज्या रीतींनी वाट काढतात त्या तिच्याच कुळातल्या. डाइक्स्ट्राने पुढे सांगितले, की ॲम्स्टरडॅममध्ये भावी पत्नीसह कॉफी घेत असताना ती त्याला वीसेक मिनिटांत सुचली. त्या वेळी हाती कागद नव्हता, पेन्सिलही नव्हती, आणि म्हणूनच ती इतकी सोपी राहिली, असे त्याचे मत होते.