अंगणातल्या काँक्रीटला सीलर लावावा का?

काँक्रीट दगडाइतके घट्ट दिसत असले तरी ते सच्छिद्र असते. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला लागते त्यापेक्षा जास्त पाणी मिश्रणात घातले जाते, कारण त्याशिवाय माल पसरता येत नाही. हे जादा पाणी पुढे सुकून जाते आणि त्याच्या जागी केसाहून बारीक वाटा उरतात. पावसाचे पाणी, गाडीतून ठिबकणारे ऑइल, पायाखाली चिरडलेली जांभळे, सगळे याच वाटांनी आत मुरते. या वाटांचे तोंड बंद करणारे, किंवा त्यांच्या आतल्या बाजूंना पाणी धरू न देणारे द्रव्य म्हणजे सीलर.

सीलरचा आग्रह सर्वांत जास्त धरला जातो तो बर्फाच्या प्रदेशांत, आणि तिथे तो रास्त आहे. मुरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. हिवाळाभर गोठणे आणि वितळणे चालू राहते, त्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकले जाते, आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात हे कारणच लागू होत नाही. महाबळेश्वरला एखाद्या पहाटे दव गोठते, पण त्याने अंगण उखडत नाही. म्हणून थंड देशांतला सल्ला इथे जसाच्या तसा उचलणे चुकीचे आहे.

इथला खरा त्रास शेवाळाचा. कोकणात पावसाचे चार महिने अंगण निसरडे होते, घरातली म्हातारी माणसे पडतात, आणि मग सीलरची चौकशी सुरू होते. शेवाळाला सावली आणि पृष्ठभागावर टिकणारी ओल पुरते. सीलर लावल्याने पाणी आत कमी मुरेल, पण वर साचलेले पाणी साचलेलेच राहील. त्यावर उपाय उताराचा आहे: दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार, पाण्याला मोकळी वाट आणि पावसाळ्यात खराट्याने घासणे. चकचकीत कोटिंग तर इथे धोक्याचेच, कारण ओले झाल्यावर ते मूळ काँक्रीटपेक्षा जास्त घसरते.

नव्या पेव्हर ब्लॉकवर येणारा पांढरा खार हे सीलरच्या मागणीचे दुसरे कारण. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पांढरा थर बसतो. त्याने ताकद घटत नाही आणि बहुधा पावसाळ्यागणिक तो कमी होत जातो. खार असतानाच वर थर चढवला, तर तो आतच अडकतो आणि मग काढता येत नाही. खार घालवायला अ‍ॅसिड मारण्याची पद्धत सर्रास आहे. ती बंद व्हायला हवी. अ‍ॅसिड खाराबरोबर सिमेंटही खाते, वाळू उघडी पडते आणि पृष्ठभाग आधीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागतो.

मुळात काँक्रीट चांगले असेल तर सीलरवाचून बहुतेक अंगणांचे काही अडत नाही. पेव्हर ब्लॉकसाठीच्या आयएस १५६५८ या मानकानुसार २४ तास बुडवलेल्या ब्लॉकने सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये. जागेवर ओतलेल्या काँक्रीटवर साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि पीपीसी म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटसाठी किमान १० दिवस पाणी मारायला हवे. हे दिवस वाचवून नंतर सीलरवर पैसे घालणे म्हणजे दुप्पट खर्च.

तरी काही ठिकाणी सीलर लावावाच. समुद्राजवळ लोखंडी जाळी घालून केलेला स्लॅब असेल, तर खाऱ्या हवेतले क्लोराइड आत जाऊन जाळी गंजते. तिथे सिलेन किंवा सिलोक्सेन जातीचा, आत मुरणारा सीलर उपयोगी पडतो. पेव्हर ब्लॉकमध्ये सळई नसते, त्यामुळे त्यांना ही भीती नाही. आत मुरणाऱ्या सीलरने रंग फारसा बदलत नाही आणि आतली वाफ बाहेर पडू शकते. पार्किंगमधले डाग टाळायचे असतील, तर डब्यावर तेलरोधक असा स्पष्ट उल्लेख पाहावा. साधे सिलेन पाणी अडवते, ऑइल फारसे अडवत नाही. अ‍ॅक्रिलिकसारखे वर थर धरणारे सीलर छापील नक्षीच्या रंगीत काँक्रीटला उठाव देतात, पण खालून ओल आली की पांढुरके पडतात, फुगतात आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावे लागतात. इपॉक्सी उन्हात पिवळे पडते, म्हणून ते अंगणाचे कामच नव्हे. पाणी जमिनीत जिरावे म्हणून मुद्दाम सच्छिद्र केलेल्या फरसबंदीवर थर चढवला, तर तिचा हेतूच बुडतो.

लावण्यापूर्वी काँक्रीटला किमान २८ दिवस झालेले असावेत. कोरड्या जागेवर थोडे पाणी ओतावे. ते मिनिटा-दोन मिनिटांत मुरून जागा काळपट पडली, तर सीलरही मुरेल. खालची ओल पाहण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून घाम दिसला तर थांबावे. दिवाळी ते होळी हा काळ योग्य, तोही दुपारचे ऊन टाळून. आत मुरणाऱ्या सीलरचा पाण्याचे थेंब धरण्याचा गुण पृष्ठभागावरून आधी जातो, आतला भाग त्यानंतरही काम करत असतो. पाणी ओतल्यावर जागा पुन्हा काळपट पडू लागली, तरच दुसरा हात द्यावा.